वाढवून सांगितलेलं एक वर्ष

किल्लीवाले काका टपाल कचेरीच्या भिंतीला लागून बसत. कसलंही कुलूप दोन मिनिटांत उघडून देत. पण त्या वर्षी मात्र त्यांचे हात चालेनात.

लेकीचा सैन्यभरतीचा अर्ज परत आला होता. वयाची अट तेवीस, आणि शाळेच्या दाखल्यावर ती चार महिन्यांनी जास्त भरत होती. खरं तर पोर बावीसचीच. वय वाढवलं होतं काकांनी! बायकोची कारखान्यात सकाळपाळी, घरी बघायला कुणी नाही, आणि पोर दुकानात बसून किल्ल्या तोंडात घालायची. म्हणून पाचाची सहा सांगून त्यांनी तिला शाळेत घातली. जन्मदाखला ‘नंतर आणतो’ म्हणाले, तो नेलाच नाही.

“बाबा, चार वर्षं मी उगाच धावले का?” लेक एवढंच म्हणाली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं, असं त्यांना झालं.

शाळेने सांगितलं, जन्मदाखला आणा आणि त्या वेळच्या मोठ्या बाईंचं लेखी निवेदनही आणा. अर्जाच्या मुदतीला अठरा दिवस उरले होते. बाई केव्हाच निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या पुढे गेलेल्या. काका घाम पुसत त्यांच्या दारात उभे राहिले.

“बाई, मी तुमच्याशी खोटं बोललो होतो.”

“माहीत आहे. बसा.”

“माहीत आहे?”

“अहो, डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धर म्हटलं, तर तिची बोटं वरच अडली. सहाचं मूल सहज धरतं. पण तिच्या ओठाला लोखंडाचा कीस लागलेला पाहिला आणि म्हटलं, असू दे, इथेच बरी.”

बाईंनी चष्मा लावला आणि लिहिलं : वय न पडताळता नोंद केली, ही माझी चूक.

“असं नका लिहू, बाई. खोटं मी बोललो.”

“बोललात तुम्ही, लिहिलं मी. आणि या वयात मला कोण छड्या मारणार? रडताय काय? रिक्षा बोलवा. शिक्षण खात्याच्या कचेरीत तुम्ही एकटे गेलात तर ते ‘उद्या या, परवा या’ करतील.”

कचेरीचे दोन जिने बाई दम खात खात चढल्या.

दुरुस्त दाखला मुदतीच्या तीन दिवस आधी हातात आला. लेक धावली, निवडली गेली. त्या दिवशी काकांनी दुकान उघडलंच नाही, थेट बाईंकडे गेले. बोलायचं खूप ठरवलं होतं, पण तोंडातून “बाई...” एवढंच निघालं.

“कळलं,” बाई म्हणाल्या. “चहा घ्या आधी, गार होतोय.”