लिंपलेले बुडखे

ती घटना मी विसरलो, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. ते खरं नव्हतं. गारखेड्यातल्या आमच्या गच्चीवर बायको कुंड्यांसाठी शेणमाती कालवायला बसली, की तो वास येतो आणि मी काहीतरी कारण काढून खाली जातो. नोकरीची काही वर्षं शिल्लक असताना मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. लोकांना तब्येतीचं कारण सांगितलं. तब्येत ठणठणीत होती.

तेव्हा मी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत मुरमाड माळाचं एक गाव होतं. तिथल्या शेतकऱ्यांनी आपापल्या पडीक जमिनीवर साग, बांबू, कडुलिंब लावून सगळ्यांचं मिळून एक रान उभं केलं होतं. जमीन ज्याची त्याच्या नावावर, पण झाडाला कुऱ्हाड कधी लावायची ते एकट्याने ठरवायचं नाही. त्यासाठी वर्षातून एकदा गटाची बैठक. काढायच्या झाडावर चुन्याची खूण करायची ती मालकाने नव्हे, शेजाऱ्याने. मालक नेमकं जाडजूड झाड दाखवतो आणि खुरटं मागे ठेवतो, असा त्यांचा अनुभव. तोडीची परवानगी, वाहतुकीचा पास, विक्री, सगळं गटामार्फत. राखणही पाळीपाळीने. बैठकीला न विचारता तोडलं, तर तो माणूस गटाबाहेर.

गटाचे अध्यक्ष वयस्कर होते. सगळे त्यांना नाना म्हणत. एका सकाळी ते ठाण्यात आले. त्यांच्या पट्ट्यातला चांगला पोसलेला साग रातोरात तोडून नेला होता. ठाणे अंमलदाराने फिर्याद लिहून घेतली. सही करताना नानांनी पेन दोन बोटांच्या चिमटीत धरला होता. ते मी पाहिलं आणि वयावर ढकललं.

दुपारी स्पॉट पंचनामा केला. झाडं जमिनीलगत, तिरकी तोडली होती आणि प्रत्येक बुडख्यावर शेणमातीचा जाड लेप होता. ताजा घाव लांबून दिसू नये म्हणून चोरांनी ही युक्ती केली असावी, असं मी पंचांसमोर मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं. पंच एकमेकांकडे बघत राहिले. का, ते मी विचारलं नाही.

त्या आठवड्यात राखणीला दोघं होते. एक नानांच्या भावकीतला. दुसरा गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतला. त्याच्या वडिलांनी गायरानाची जमीन झगडून नावावर करून घेतली होती आणि याने तिच्यावर साग वाढवला होता. त्याचा पट्टा नानांच्या पट्ट्याला लागून.

पहिल्याशी मी त्याच्या ओट्यावर बसून, चहा घेत बोललो. तो म्हणाला, "मी खालच्या अंगाला व्हतो साहेब, मला काय ऐकू आलं नाय." मी मान डोलावली. दुसऱ्याला ठाण्यात बोलावलं. दोघांचं काम एक, पाळी एक. एकाला चहा आणि एकाला ठाणं, हे मी का ठरवलं, याला तेव्हा माझ्याकडे एक उत्तर तयार होतं: खबर.

पाचोडच्या बाजारात आमचा एक खबऱ्या होता. त्याने सांगितलं होतं, "उजाडताना तुमचा तो राखणदार तोडलेल्या झाडांत बसला होता. संग बादली, अन् कोपरापर्यंत हात मातीनं भरलेले." खबर खरी होती. पण प्रामाणिकपणे लिहायचं तर खबर संध्याकाळी आली, आणि त्याला मी दुपारीच बसवून घेतलं होतं.

"बादली कशाला नेली होती?" मी विचारलं.

"पाणी घालाया."

"तोडलेल्या झाडाला?"

मी पुढचा प्रश्न टाकला.

"कुणाला विकला माल?"

"मी नाय तोडलं साहेब."

"मग कुणी?"

"ते मला नका विचारू."

हवालदार हसला. "घ्या. म्हणजे माहीत आहे, पण सांगणार नाही. लई मोठा माणूस लागून गेला."

त्याला अटक दाखवली नव्हती. स्टेशन डायरीत नोंद नव्हती. चौकशीसाठी बसवून ठेवलं, असं आम्ही म्हणतो. पुढचे दिवस काय झालं, ते मी आजवर एकाच वाक्यात सांगत आलो: मी त्याला हात लावला नाही. वाक्य खरं आहे. हात मी लावला नाही, लावू दिला. बाहेरच्या खोलीत मी फाइली चाळत होतो आणि पानं उलटताना मुद्दाम आवाज करत होतो.

तो काहीच बोलला नाही. चोर इतका गप्प राहत नाही, हे मला अनुभवाने माहीत होतं. चोर गोष्टी रचतो, दुसऱ्याचं नाव घेतो, पाया पडतो. मला ते दिसत होतं आणि तरी मी त्याला सोडत नव्हतो.

लाकडाचा माग लागेना म्हणून मी पुन्हा त्या रानात गेलो. दुसऱ्या एका पट्ट्यात रीतसर तोड चालली होती. तिथले बुडखेही लिंपलेले. गटातल्या एक बाई लेप लावत होत्या. मी विचारलं, "मावशी, हे कशासाठी?"

"बुडखा फुटाया पायजे ना. उघडा ठिवला तर उन्हानं तडकतो. लेप लावला की बाजूनं फुटवे येत्यात, अन् नवं लावायचं काम नाय."

"म्हणजे ज्याने तोडलं, त्यानेच लावायचा?"

"नाय नाय. तोडणाऱ्यानं नाय लावायचा. त्याला पुढच्या झाडाची घाई असती, कसंबी थापतो. पट्ट्याला लागून जो असंल त्यानं लावायचा. तोडणारा बोलावतो, मग शेजारी बादली घेऊन येतो." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "का हो साहेब?"

मी जीपमध्ये जाऊन बसलो. ज्या बादलीवरून मी एका माणसाला गुन्हेगार ठरवला होता, तीच बादली सांगत होती, की त्याने झाड तोडलेलं नाही. त्याला शेजारी म्हणून बोलावलं होतं. आणि असं बोलावणारा एकच माणूस असू शकत होता.

नाना घरी एकटेच होते. मी पाणीही न घेता विचारलं, "नाना, लेप लावायला त्याला कुणी बोलावलं होतं?"

त्यांनी दोन्ही तळहात माझ्यापुढे केले. कुऱ्हाडीने आलेले फोड फुटून सालं निघाली होती.

"पोरानं प्लॉटिंगवाल्याला शब्द दिलता. त्याला जमीन मोकळी पायजे व्हती. मशीन आणून मुळासकट उपटणार व्हता. म्हणलं, जायाचंच तर माझ्या हातानं जाऊ दे."

"मोकळीच करायची, तर बुडखे जगवायचे कशाला?"

"ते नाय सांगता येणार. उघडा बुडखा बघवंना, म्हणून त्याला हाक मारली. पोरानं अन् भावकीतल्या त्या राखणदारानं ओंडके ट्रॅक्टरवर टाकून नेले. सकाळी लोकं जमले, नाना हे कुणी केलं म्हणाले. माझ्या तोंडून चोरी झाली असं निघालं. अध्यक्ष मी. नियम मीच केलेला."

"त्याला आम्ही ठाण्यात ठेवलंय, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"व्हय," ते म्हणाले. "रोज सकाळी टोपी घालून निघायचो. वेशीपर्यंत यायचो."

मी त्यांच्यावर ओरडू शकलो नाही. मीही त्या दिवसांत कुठेच पोचलो नव्हतो.

वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, "झाडं त्याची, जमीन त्याची, चोरी कसली? मिटवा." मी केस बंद करण्याचा अहवाल, 'क' समरी, कोर्टाला पाठवली: फिर्याद गैरसमजुतीतून दिलेली. खोटी फिर्याद असं लिहिलं असतं, तर नानांचा जबाब जोडावा लागला असता, आणि एक माणूस नोंदीशिवाय ठाण्यात का बसला होता, हा प्रश्न निघाला असता. नानांच्या वयाकडे पाहून मी असं केलं, असं मी स्वतःला सांगितलं. मी माझ्याकडे पाहून केलं होतं.

त्याला सोडताना म्हणालो, "जा. तुझ्यावर काही नाही." तो गावात परतला, तेव्हा हे सांगायला त्याच्याबरोबर कुणी नव्हतं. बैठकीत आपण सगळं बोलू, असं नानांनी मला वचन दिलं होतं. बैठक झाली. पोलीस इतके दिवस उगाच ठेवत नाहीत, असं सगळ्यांचं मत पडलं. त्याला गटातून काढलं. नाना अध्यक्षांच्या जागेवर बसून होते आणि बोलले नाहीत, हे मला बीटच्या हवालदाराने येऊन सांगितलं. मी "बरं" म्हणालो. थोड्याच दिवसांत जमीन विकून नाना मुलाकडे गेले आणि तिथेच वारले.

निवृत्तीनंतर एकदाचा मी त्या गावी गेलो. नानांच्या पट्ट्यात मुरमाचे रस्ते आखलेले, रंगवलेले दगड, कमान. घर एकही नाही. दगडांच्या मधूनमधून सागाचे फुटवे वर आले होते. ज्याला मी ठाण्यात बसवून ठेवलं होतं, तो तिथेच होता. केस पिकले होते. मी हाक मारली, ती त्याला ऐकू गेली नाही. जवळ गेल्यावर त्याने उजवा कान पुढे केला. डाव्याचं काय झालं, ते मी विचारलं नाही.

"तू तेव्हा का बोलला नाहीस?" हे मात्र विचारलं.

"काय बोलणार साहेब? गटात मला घ्यायला कुणी तयार नव्हतं. नाना भांडले व्हते माझ्यासाठी. अन् बैठकीला न विचारता तोडलेल्या बुडख्याला लेप लावला, नियम मीबी मोडलाच की."

त्याचा स्वतःचा साग पलीकडे उभा होता, दाट, न विरळलेला, एकमेकांच्या सावलीत किडकिडीत झालेला. गटाशिवाय परवानगीसाठी तो एकटाच हेलपाटे घालत होता.

मी म्हणालो, "गावाला खरं काय ते मी सांगतो. लिहूनही देतो."

"द्या," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आनंदही नव्हता. "माझ्या म्हाताऱ्या आईला ऐकायचं व्हतं. ती गेली."

मी त्याच दिवशी गटाच्या लोकांना बोलावून सगळं सांगितलं. लोक खाली बघत ऐकत होते. त्याला पुन्हा घ्यायचं की नाही, ते पुढच्या बैठकीत ठरवू म्हणाले.

ही केस मी सोडवली, असं कुणी म्हणेल. तपास मी चार गोष्टी जुळवून पूर्ण केला, हेही खरं. पण तपास माझ्या डोक्यात पूर्ण झाला आणि तिथेच राहिला. निर्दोष माणसाला सोडणं हे निम्मं काम आहे. तो निर्दोष आहे हे, जिथे त्याचं नाव गेलं त्या चारचौघांत जाऊन सांगणं, हे उरलेलं निम्मं. ते वेळेत केलं नाही तर नंतर त्याचा उपयोग बहुतेक सांगणाऱ्यालाच होतो.

निघताना तो एका बुडख्यापाशी वाकलेला होता. दोन फुटवे शेजारी शेजारी वाढले होते, दोन्ही सरळ. एक ठेवायचा, दुसरा काढायचा.

"काढणारा मी, मग खूण कराया या जागेला आता शेजारी कुणी नाय," तो म्हणाला. "तुम्हीच सांगा, कोणता ठिवू?"

मी लगेच एकावर बोट ठेवलं.

त्याने कोयता उचलला नाही. "घाई नाय साहेब," तो म्हणाला. "दोन्ही बघा आधी."