राजा उठेपर्यंत

हौशी वाद्यवृंदात सुरांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. आमच्या आयर्लंडमधल्या लिक्सलिपच्या बरोक ग्रुपमध्ये तर ढिगाने. फक्त २०२० नंतरचे सांगताना मी हसत सुरुवात करते आणि मध्येच गप्प होते. नवरा म्हणतो, "मग सांगतेस कशाला?" सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून.

*

आम्ही वाजवतो ते जुन्या फ्रान्सच्या राजदरबारातलं व्हायोलिनचं संगीत. ब्रीडा आमची लीडर. तिचा नवरा डोनल खांदा दुखावल्यापासून वाजवत नसे, म्हणून त्याला राजा केलं होतं. सरावाच्या हॉलमधली लाल गादीची खुर्ची त्याची. नियमही त्यानेच काढलेला: राजा उठेपर्यंत थांबायचं नाही. आमच्या नाचाच्या चालीही अशा, की खालचे तेच सूर फिरत राहतात, कितीही लांबवा. एकदा त्याला डुलकी लागली. आमचे हात भरून आले. शेवटी ब्रीडाने खुर्चीला लाथ मारली. डोनल डोळे न उघडता म्हणाला, "ग्रॅन्ड. पहिल्यापासून घ्या."

*

मी पुण्यात मांडी घालून व्हायोलिन शिकलेली. पहिल्या दिवशी सवयीने सरळ फरशीवर बसले. सगळे बघायला लागले. डोनल म्हणाला, "राजासमोर कुणी बसत नाही. पण तू पायाशीच बसलीस, चालेल." त्या दिवसापासून मी त्या ग्रुपची झाले.

*

लॉकडाऊन लागला तेव्हा साताऱ्याहून आलेल्या सासूबाई आमच्याकडेच अडकल्या. आमच्या व्हायोलिनच्या तारा मेंढीच्या आतड्याच्या असतात, हे त्यांना तेव्हा कळलं. व्हायोलिन होतं खालच्या प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, आणि वर देव्हारा! "अगं, आतडं देवाखाली?" मी ते बेडरूममध्ये हलवलं. पुढे डोनल आजारी पडल्याचं कळलं, तेव्हा त्यांनीच ते उचलून देवासमोर आणून ठेवलं. "आई, आतडं आहे ते," मी म्हटलं. "असू दे," त्या म्हणाल्या.

*

झूमवर एकत्र वाजवता येत नाही, आवाज मागेपुढे पोचतो. म्हणून सगळे म्यूटवर, फक्त ब्रीडाचा आवाज चालू. डोनल दुसऱ्या खोलीतून, वेगळ्या चौकटीत, राजासारखा ताठ बसलेला. आम्ही वाजवतोय, वाजवतोय, राजा काही उठेना. ब्रीडाने शेवटी आत जाऊन पाहिलं. त्याचं चित्र केव्हाच गोठलं होतं. तो उठून पलंगावर आडवा झाला होता, आणि खोकत होता.

*

हॉस्पिटलमध्ये कुणाला सोडत नव्हते. ब्रीडा रोज संध्याकाळी फोनवर वाजवायची आणि नर्स फोन त्याच्या कानाशी धरायची. एकदा नर्सने विचारलं, "दमलात का? आता थांबवू?" डोनल म्हणाला, "तिला सांग, मला काही उठता येत नाही. म्हणजे तिला थांबता येणार नाही." ब्रीडाने हे आम्हाला सांगितलं तेव्हा आम्ही खूप हसलो. त्याच आठवड्यात तो गेला.

*

अंत्यविधीला चर्चमध्ये दहाच माणसांना परवानगी. आम्ही बाहेर कार पार्कमध्ये, एकमेकांपासून लांब, मास्क लावून उभे राहिलो. हॉलमधली लाल खुर्ची आणून मधे ठेवली होती. रिकाम्या खुर्चीतून उठणार कोण, म्हणून आधीच ठरवलं होतं: शववाहिनी हलली की थांबायचं.

शवपेटी बाहेर आली, गाडीत ठेवली. आम्ही त्याचा आवडता नाच सुरू केला. मागून ब्रीडा आली. तिने गाडीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि येऊन त्या खुर्चीत बसली.

पाऊस भुरभुरत होता. ओलाव्याने आतड्याच्या तारा उतरत चालल्या होत्या, सगळंच बेसूर होत होतं. ब्रीडा हात मांडीवर ठेवून ताठ बसलेली. शववाहिनीचा ड्रायव्हर बराच वेळ इंजिन चालू ठेवून थांबला. मग उतरून माझ्याजवळ आला आणि हळूच विचारलं, "हे अजून किती चालणार?"

मी वाजवता वाजवताच म्हटलं, "ती उठेपर्यंत."

त्याने ब्रीडाकडे पाहिलं. परत गाडीपाशी गेला आणि इंजिन बंद केलं.