पहिल्या पायाचा मान

माझ्या सासूबाई चतुराबाई गावात भांडखोर म्हणून प्रसिद्ध होत्या. मी त्यांची सून. तेव्हा हे मत खोडून काढायची मला मुळीच घाई नाही. मीठ कमी पडलं म्हणून त्यांनी मला बाजेवरून उठवलेलं आहे, आणि जास्त पडलं म्हणूनही. पण नावेच्या बाबतीत त्यांच्याइतकं सरळ त्या गावात कुणी वागलं नाही, हे मी कुणापुढंही सांगेन.

आमचं सावरगव्हाण गंगेच्या अलीकडच्या काठाला. गंगा म्हणजे गोदावरी, पण आमच्याकडं गंगाच म्हणतात. पलीकडं ताडकळसचा बाजार, डॉक्टर, आणि पैलतीरावर रोज सकाळी येणारा दुधाचा टेम्पो. अलीकडून सडकेनं जायचं तर लांबचा वळसा. शिवाय ते विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस. आज एसटी आली तर उद्या येईल याचा भरवसा नसायचा. त्यामुळं सगळ्या गावाचा जीव एका नावेत.

आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दोन म्हशी हिमतीनं घेतल्या होत्या. मामंजी किशनराव चांगले माणूस, पण त्यांचं रान कोरडवाहू आणि स्वभावही तसाच, पाऊस येईल तेव्हा येईल. घर चाललं होतं ते दुधावर. टेम्पोवाला उन्हं वर आली की थांबत नसे. त्याचंही बरोबर, दूध काय त्याचं ऐकणार होतं? आणि ज्याचं दूध वारंवार चुकेल त्याचं नाव डेअरी कमी करी.

आता नाव वेळेवर का सुटत नव्हती ते सांगते. ऐकून हसू नका, आम्ही हसलो नव्हतो.

भगवानराव मालकांच्या आजोबांनी म्हणे गावाच्या पहिल्या नावेला सागवान दिलं. म्हणून पूर ओसरल्यावर नाव पाण्यात सोडायची तेव्हा नारळ फोडून पहिला पाय त्या घराण्याचा. वर्षातून एकदा. इथपर्यंत कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण मान ही चीज वाढत जाते. वर्षातून एकदाचा मान पुढं दर बाजाराला झाला, मग दर सकाळी झाला. भगवानरावांचा मळा पलीकडं होता, पण ते स्वतः रोज कशाला जातील? ते गादीवर लोळत असले की त्यांचा गडी त्यांचा जोडा घेऊन घाटावर यायचा, जोडा नावेच्या फळीला टेकवायचा आणि परत न्यायचा. मग नाव सुटायची. गडी म्हशी धुवून, न्याहारी करून, कधी वाटेत कुणाशी बोलत उभा राहून यायचा. तोवर तापानं फणफणलेली लेकरं, कोर्टाच्या तारखेला निघालेली माणसं, बाजाराची गाठोडी, सगळा गाव काठावर एका जोड्याची वाट बघत बसलेला.

तक्रारी होत नव्हत्या असं नाही. खूप व्हायच्या. पण नावेचा ठेकेदार बन्सीधर तक्रारी जिरवण्यात फार पटाईत होता. तो कधी कुणावर आवाज चढवत नसे. तुम्ही चिडून गेलात की तो तुमच्यापेक्षा जास्त चिडल्यासारखं दाखवायचा. “खरं हाय तुमचं. लय खरं हाय. मलाबी पटत न्हाई ह्यो रिवाज.” मग चहा सांगायचा. मग ज्याची तक्रार त्याच्या तोंडात काहीतरी घालायचा. दत्तराव मास्तरांनी कुरकुर केली, तर त्यांना पुढं, घोंगडी अंथरलेली जागा कायमची मिळाली. मालनबाईनं शिव्या दिल्या, तर तिच्या भाजीच्या पाट्या फुकट जायला लागल्या. दोघंही गप्प झाले. गप्प झाले ते झाले, वर दुसऱ्यांना समजवायला लागले, की बन्सीधर माणूस चांगला आहे हो. आणि नाव? नाव आधी सुटायची तेव्हाच सुटत होती.

आत्याबाईंचं दूध पहिल्यांदा चुकलं तेव्हा त्या बन्सीधरकडं गेल्या. मी बरोबर होते. चहा आला. त्यांनी कपाला हात लावला नाही.

“वैनी, तुमच्या कॅनींचा पैसा आजपासनं न्हाई,” बन्सीधर म्हणाला. “नावंत सावलीला ठेवू. भिजलेलं पोतं मी सवता टाकीन त्याच्यावर.”

“पोतं ऱ्हाऊ दे. नाव कवा सुटंल?”

“तुमची तकरार माझ्या डोक्यात हाय.”

“डोक्यात ठिवून काय करू? नाव कवा सुटंल ते सांग.”

बन्सीधर हसला. त्या उठल्या आणि निघाल्या.

दुसऱ्यांदा दूध चुकलं. टेम्पोवाल्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं, आता एकदा चुकलं की तुमचं नाव कमी. त्या रात्री मामंजी म्हणाले, एक म्हैस विकून टाकू. आत्याबाई म्हणाल्या, “ईका. पर आधी माझ्याशी बोलणं बंद करा, म्हंजी दोन्ही कामं एकदाच व्हतील.” म्हैस विकली गेली नाही.

सकाळी आम्ही दोघी घाटावर गेलो. माणसं बसली होती, नावाडी मुंजाजी दोर धरून उभा होता, गड्याचा पत्ता नव्हता. आत्याबाईंनी दोन्ही कॅनी उचलल्या, लुगड्याचा ओचा खोचला, आणि सरळ नावेत पाय टाकला. पहिला पाय. बाईचा, आणि तोही शेणानं भरलेला.

मुंजाजीनं दोर आणखी घट्ट धरला. “काकू, हे काय केलं? मालक मला जित्ता ठिवतेल का?”

“मालकाला म्हणावं, चतुरानं केलं. घर माहीत हाय त्येन्ला. सोड दोर.”

“जोडा आला न्हाई अजून!”

“जोड्याला पलीकडं काय काम हाय? मला हाय.” मग त्या काठाकडं वळल्या. “तुमाला कुणाला हाय का काम? का नुसतं बसायलाच आलाव सगळे?”

मी चढले, कारण घरी परत त्यांच्याच बरोबर जायचं होतं. मग मालनबाई चढली. मग एकेक करत सगळे, दत्तराव मास्तरसुद्धा, गुपचूप आपल्या घोंगडीवर. मुंजाजीनं दोर सोडला. नाव मधोमध गेली तेव्हा मागं गडी जोडा हातात धरून काठावर पोचला होता. तो जोडा हलवून आम्हाला बोलवत होता. आता मात्र आम्ही हसलो. मी तर पोट धरून हसले. टेम्पो उभा होता.

भगवानराव चिडले, पण त्यांची चीड त्यांच्याच अंगावर आली. त्यांनी जाहीर केलं, की बाटलेला मान मी घेत नाही. त्यांना वाटलं, गाव पाया पडत येईल. गाव आलं नाही. आला तो बन्सीधर, आणि तोही आमच्या घरी, हातात नारळ आणि खण घेऊन.

“वैनी, गावाचं म्हणणं हाय, आजपासनं पहिल्या पायाचा मान तुमचा.”

“मला नको.”

“असं कसं? हिंमत तुमी केली.”

मामंजींनी नारळ घेतला. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी घरी येऊन मान दिला होता, त्यांचा चेहरा बघून आत्याबाईंनी तो परत करायला लावला नाही. खण मला आला, हेही खरं. पुढं कितीतरी दिवस नाव वेळेवर सुटली, कारण आत्याबाईच सगळ्यांच्या आधी घाटावर असायच्या. कुणाला काही खटकलं नाही.

मग एका सकाळी म्हैस अडली. पारडू पायाकडून यायला लागलं. आत्याबाई कोपरापर्यंत रक्तात, मी कंदील धरून, मामंजी देवाचं नाव घेत. पारडू वाचलं. दुसऱ्या म्हशीची धार काढून आम्ही निघालो तेव्हा उन्हं वर यायला लागली होती. मी म्हटलं, आज नाव केव्हाच गेली असेल.

दरड उतरताना बघितलं, तर नाव खुंट्याला तशीच बांधलेली. भरलेली. सगळी माणसं काठावर नाही, कडेकडेनं चढून आत बसलेली, फक्त पहिली फळी मानाच्या पायासाठी मोकळी ठेवून. मुंजाजी अदबीनं उभा. बन्सीधर पुढं आला. “या वैनी. तुमच्यासाठी थांबायलाव.”

आत नर्मदाबाई होती. तिच्या मांडीवर तिची नात, डोळे पांढरे, अंगावर ओला फडका. नर्मदाबाईनं आत्याबाईंकडं बघितलं आणि म्हणाली, “या मानकरीणबाई. आमी काय, बसलोच हाव.”

मी आत्याबाईंना मार खाताना कधी बघितलं नाही. त्या क्षणी त्यांचा चेहरा तसा झाला. दुसऱ्या क्षणाला त्यांनी कॅनी वाळूत आदळल्या.

“कुणी सांगितलं थांबाया?”

“मान तुमचा हाय ना,” बन्सीधर म्हणाला.

“मला मान नगं होता रे. मला नाव पायजे होती!”

त्यांनी स्वतः खुंट्यावरचा दोर काढला आणि नावेत फेकला. मुंजाजी म्हणाला, “काकू, निदान बसा तरी.” मीही म्हटलं, “आत्याबाई, कॅनी तरी जाऊ द्या. टेम्पो चुकला तर डेअरीतलं नाव कमी होईल.”

“मी उशिरा आले. दूधबी उशिरा आलं. जो येळेवर आला त्येची नाव.”

मला त्यांचा इतका राग आला की मी तोंड फिरवलं. दोन पावलं तर होती. चढल्या असत्या तर काय बिघडत होतं? हे मी त्यांना पुढं कितीदा विचारलं. त्या गुडघाभर पाण्यात शिरल्या, दोन्ही हात नावेला लावले आणि ढकललं. पारड्याचं रक्त अजून त्यांच्या कोपरांवर वाळलेलं होतं. बन्सीधर काठावर नुसता उभा राहिला. आता कुणाला काय द्यायचं ते त्याला सुचेना.

नाव पलीकडं लागली. नर्मदाबाई नातीला घेऊन निघायच्या बेतातल्या टेम्पोकडं पळताना दिसली, ड्रायव्हरनं दार उघडलं, आणि टेम्पो ताडकळसच्या दिशेनं निघून गेला. आत्याबाई पाण्यातून बाहेर आल्या, ऊन डोक्यावर येईपर्यंत वाळूत कॅनीशेजारी बसून राहिल्या आणि मग मला म्हणाल्या, “हात काय बांधून उभी? झाकण उघडून बघ, नासलं का.”

नासलं होतं.