खंडेनवमीला काढलेल्या वायरी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. आमच्या बाजारपेठेतल्या स्कॅन सेंटरचा ऑपरेटर होता. "लवकर या राव, स्कॅनचे फोटो पुण्याला जाईनात. डोक्याला मार लागलेला पेशंट आलाय."

मी पिंपळवंडीचा. जुन्नर-आंबेगावातल्या दवाखान्यांचं आणि दुकानांचं नेटवर्क सांभाळतो. "नेट बंद आहे का?" विचारलं, तर म्हणे, "नाय, नेट तर पळतंय!" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. बंद पडलेलं बरं, ते निदान सापडतं तरी. चहा तसाच ठेवला आणि गाडीला किक मारली.

दारात अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती. शिनोलीच्या रस्त्याला मोटरसायकल घसरून एक गृहस्थ डोक्यावर आपटले होते. स्कॅन इथं होतो, पण तो वाचणारे डॉक्टर पुण्यात बसतात. डोक्यात रक्तस्राव असेल तर तडक पुण्याला न्यायचं, नसेल तर इथंच ठेवायचं. रिपोर्टशिवाय हलवायला इथले डॉक्टर तयार नव्हते. ऑपरेटरनं स्क्रीनचे मोबाइलवर फोटो काढून पाठवले होते. "यावर मी काही बोलणार नाही, मूळ फोटो पाठवा!" पुण्याचे डॉक्टर फोनवर खेकसत होते. आणि मूळ फोटो थोडे सरकायचे, अडायचे, की एरर.

मी मोडेम बंद करून चालू केलं. वायर बदलली. ढिम्म फरक नाही. पिंग मारला, म्हणजे छोटासा संदेश पाठवून पाहिला, तर एकदम झकास! छोटं काम सुरळीत, मोठी फाइल टाकली की बोंब. आत पेशंट कण्हत होता. शेवटी स्कॅनच्या कॉम्प्युटरची सेटिंग उघडली. तिथं लिहिलेलं: हाफ डुप्लेक्स, म्हणजे एका वेळी एकाच बाजूनं बोलणं. आं? हे कुठून आलं?

मग सगळ्या वायरी जिथं एकत्र येतात त्या डब्याकडे, स्विचकडे बघितलं. झेंडूचं फूल, वायर खोचायच्या प्रत्येक पोर्टवर हळदी-कुंकवाचं बोट, आणि सगळ्या वायरी कशा एका ओळीत. सेंटरच्या जुन्या एक्स-रे मशीनसाठी मी एका पोर्टचा स्पीड आणि डुप्लेक्स मुद्दाम बांधून ठेवला होता. आता त्याच पोर्टात स्कॅनची वायर होती. असा बांधलेला पोर्ट आपली सेटिंग बोलून दाखवत नाही, म्हणून स्कॅनच्या कॉम्प्युटरनं धरून चाललं की इथं एका वेळी एकानंच बोलायचं. पोर्ट मात्र मधेच बोलतोय. अरुंद पुलावर एकजण समोरच्यासाठी थांबतोय आणि दुसरा बिनदिक्कत गाडी घालतोय, तसला प्रकार.

"कुठल्या शहाण्यानं काढल्या ह्या वायरी?" मी ओरडलो.

दारात झाडलोट करणाऱ्या मावशी उभ्या होत्या, पदराचं टोक दातात धरून. "मीच काढल्या, भाऊ. खंडेनवमीची पूजा व्हती. समद्या पुसल्या आन् नीट वळीनं लावल्या."

"नीट? अहो मावशी, तुमच्या त्या नीटनं माणूस मरायची पाळी आलीय!"

ऑपरेटरनं माझा दंड धरला. हळूच म्हणाला, "आत त्यांचाच नवरा आहे, राव."

दोन वायरींची अदलाबदल केली, बस. फोटो सर्रकन निघून गेले. थोड्याच वेळात फोन आला: रक्तस्राव आहे, ताबडतोब निघा. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढता चढता मावशी मागं वळल्या. "माझ्यामुळं झालं का हो, भाऊ?"

"छे हो! वायर उंदरानं कुरतडली होती. तुमचा काही संबंध नाही," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि गाडी सुटली.

त्यांचा नवरा वाचला. डावा हात मात्र अजून उचलत नाही. त्या उशिरानंच तो हात गेला का, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. गाडीवर जाता जाता मधेच आठवतं आणि चिडायला होतं. कुणावर, तेही धड कळत नाही.

पुढच्या खंडेनवमीला मी मुद्दाम तिथं गेलो. त्याआधीच एकदा जाऊन सगळ्या वायरींना नंबर चिकटवून ठेवले होते. मावशींनी स्कॅन मशीनला ओवाळलं, एक्स-रेला, प्रिंटरलासुद्धा. स्विचपाशी आल्या आणि थांबल्या. ताट माझ्यापुढं धरलं.

"हे तुमी करा, भाऊ."

"आता नंबर टाकलेत, मावशी. तुम्हीच करा. काही होत नाही."

त्यांनी ताट मागं घेतलं नाही. आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. "रोज पुसते मी तिथं. एकबी वायर कुरतडलेली न्हाई."

मी ताट घेतलं. कुंकवात बोट बुडवून एकेका पोर्टला लावत गेलो, आणि मावशी शेजारी उभं राहून प्रत्येक वायर जागेवर आहे ना, ते बघत होत्या.