करपलेल्या चार्जरची केस

नोकरीतल्या कित्येक खून-दरोड्यांचे तपशील आता मला आठवत नाहीत. एका करपलेल्या चार्जरची केस मात्र विसरू म्हटले तरी विसरता येत नाही, कारण त्या तपासात थोडा मीही पकडला गेलो होतो.

सत्तरच्या दशकाची अखेर. मी नागपुरातल्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. ग्रामीण भागातल्या ठाण्यांना नुकतेच बिनतारी संच मिळाले होते, पण कुहीसारख्या तालुक्याच्या गावी बॅटरी उतरली की ठाणे मुके व्हायचे. म्हणून बॅटरी चार्जर घ्यायचे ठरले, आणि तेही मोठ्या कंपन्यांकडून नव्हे, तर नोंदणी केलेल्या लघुउद्योगांकडून. टेंडरसोबत एक नमुना लाखेचे सील लावून द्यायचा. तो तपासणीत खरा उतरला तर ऑर्डर. त्यात लबाडी निघाली तर नाव काळ्या यादीत, म्हणजे सरकारी दार कायमचे बंद.

गांधीबागेमागच्या एका गल्लीत तिशीतल्या एका माणसाचा छोटा कारखाना होता. मूळचे विणकराचे घर. माग बंद पडले तशी दोघा भावांनी सुताऐवजी तांब्याची तार हाती धरली आणि ट्रान्सफॉर्मर बांधू लागले. नोंदणी, टेंडर, साहेबांना भेटणे ही कामे हा तिशीतला धाकटा करायचा. ऑर्डर त्यालाच मिळणार, अशी बाजारात बोलवा होती.

एके सकाळी टपालात निनावी पोस्टकार्ड आले. 'चार्जरवाला सरकारले फसवून राहिला. आत बारीक तार टाकली.' हवालदाराने शिक्का मारून ते आवक रजिस्टरला चढवले आणि फाइलला लावले. दोन दिवसांनी तपासणीत धाकट्याच्या नमुन्यातून धूर निघाला, आणि खात्याने फसवणुकीची तक्रार आमच्याकडे पाठवली.

खरे सांगतो, मला बरे वाटले. त्याच महिन्यात माझ्या तुकडीतला एक मित्र उपअधीक्षक झाला होता. ट्रेनिंगला त्याची खाट माझ्या शेजारी होती. केस डायरी कशी लिहायची हे त्याला मी शिकवले होते. आता त्याला सॅल्यूट मारताना माझे कोपर दुखायचे. अशा दिवसांत वर चढणारा कोणीही घसरला तरी जिवाला गार वाटते. मी न तपासताच ठरवून टाकले की हा धाकटा लबाड आहे.

दोन पंच बोलावून चार्जर उघडला. गुंडाळी आतून करपली होती. तार खरोखरच ठरल्यापेक्षा बारीक होती. तारेचे शेवटचे टोक दोऱ्याने बांधतात, तो दोरा मात्र शाबूत होता. तोवर धाकटा तावातावाने बोलत होता, "सायेब, माह्या मालात खोट निघणारच नाही." त्याने वाकून त्या दोऱ्याची गाठ पाहिली आणि एकदम गप्प झाला.

"मीच केलं," तो म्हणाला. "लिहून घ्या."

एवढ्या पटकन कबुली देणारा माणूस मी क्वचितच पाहिला होता. पण मला घाई होती. मी त्याला बाकावर बसवले आणि अटकेचे कागद तयार करायला सांगितले.

कागद जोडताना फाइलमधले पोस्टकार्ड पुन्हा हातात आले आणि मी शिक्क्यावरची तारीख पाहिली. तपासणीच्या दोन दिवस आधीची! नमुना तेव्हा सीलबंद होता. आतली तार बारीक आहे हे कोणाला माहीत असणार? बांधणाऱ्याला. आणि बांधणारा स्वतःविरुद्ध पोस्टकार्ड कशाला टाकेल?

"गुंडाळी कोण कोण करतं?" मी विचारले.

"मीच करतो, सायेब." दरडावले तेव्हा म्हणाला, "मी आन् दादा. पण दादाले बोलावू नका, सायेब."

अर्थातच मी बोलावले. थोरला पन्नाशीकडे झुकलेला, अंगाने वाळका. यंत्रमागात उजव्या हाताची तर्जनी गेलेली. तुटलेला धागा जोडायला विणकर जी बारीक गाठ मारतात, तीच हे भाऊ गुंडाळीवर मारत. चार्जरमधल्या गाठीपाशी धाकटा गप्प झाला होता, हे आठवून मी दोघांना दोरा दिला आणि म्हणालो, "बांधा."

धाकट्याच्या गाठीचे शेपूट उजवीकडे निघाले. थोरल्याने अंगठा आणि मधल्या बोटात दोरा धरून उलटा ओढला. शेपूट डावीकडे निघाले, चार्जरमधल्यासारखेच. गुंडाळी बिघडवायची म्हणून त्याने बारीक तार वापरली, पण गाठ काही त्याला कच्ची मारता आली नव्हती.

त्याने आपल्या गाठीकडे पाहिले आणि तो समजून चुकला.

"काहून केलं?" माझ्या तोंडूनही त्यांचीच बोली निघाली.

"त्याले तार धरता येत नव्हती, सायेब. बोट धरून शिकवलं मी. आन् आता लोकं दुकानात येतेत अन् मले विचारतेत, मालक कुठी गेले गा? मी म्हणतो, येऊन राहिले मालक." तो थांबला. "माह्या लहान भावाले मी मालक म्हणतो. रोज म्हणतो. एक दिवस तरी त्याची मान खाली झालेली पाहाची होती मले."

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागलो. त्याच्याकडे पाहणे मला जमेना.

धाकटा उठून त्याच्याजवळ गेला. मला वाटले, हात उचलतो की काय. तो म्हणाला, "दादा, एकदा बोलाचं तं होतं गा."

थोरल्याने खात्यापुढे लेखी जबाब दिला. धाकट्याची भावाविरुद्ध तक्रार नव्हती, आणि त्याचा फसवणुकीचा हेतू नव्हता असा अहवाल मी पाठवला. खात्याने दुसरा नमुना मागवला. त्याची गुंडाळी कोणी करावी, यावर माझ्यासमोर ठाण्याच्या पायरीवरच दोघांची बाचाबाची झाली. "माह्या हाताचा भरोसा राहिला का तुले?" थोरला विचारत होता. धाकटा म्हणाला, "तुह्याशिवाय कोणाचा हात आहे घरात?"

नमुना पास झाला. पुढे त्यांचा एक चार्जर माझ्याच ठाण्यात आला. मी झाकण उघडून पाहिले. शेपूट डावीकडे होते.

त्या संध्याकाळी मी पावशेर पेढे घेतले आणि माझ्या त्या मित्राच्या बंगल्याकडे निघालो. बढतीला वर्ष होत आले होते, अजून मी त्याला 'अभिनंदन' म्हटले नव्हते. फाटकापाशी त्याच्या नावाची पितळी पाटी दिसली. नुकतीच घासलेली, हुद्द्यासकट. मी ती दोनदा वाचली आणि परत फिरलो.

मत्सर कसा ओळखायचा हे मी पुढे कितीतरी नव्या फौजदारांना शिकवले. माणूस कोणाचे नाव घेताना थांबतो ते पाहा, असे सांगायचो. मित्राचे नाव घेताना मी स्वतः थांबायचो, ते कोणाच्या लक्षात आले नाही.

मित्र आता नाही. त्याचे पेढे त्या दिवशी मी ठाण्यात वाटून टाकले होते. हवालदाराने विचारले, "साहेब, कशाचे?"

"भावाभावांची केस मिटली," मी म्हणालो.