घरी करून बघा

सलीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीत एम.एस्सी.च्या वर्गाला सापेक्षतावादी पुंजयांत्रिकी शिकवत होतो, आणि तीही त्याच्याच वहीतून. वही त्याची, रुबाब माझा... वीसेक वर्षं असंच चाललंय.

एम.एस्सी.ला आम्ही एका बाकावर. शेवटच्या सत्रात त्याच्या अब्बांना अर्धांगवायू झाला आणि सलीम कॉलेज सोडून गावी, बावड्याला, घरच्या फळांच्या दुकानात बसला. मी कॉलेजात राहिलो आणि ह्याच पेपरात दोनदा आपटलो. तिसरी संधी शेवटची होती. मुकाट बावडा गाठला. इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेची दोन उत्तरं येतात, एक अधिक, एक उणे. मी उण्यावर झोकात काट मारली. म्हटलं, "उणे ऊर्जा कुठं असती व्हय?"

"डागी डाळिंब हाय का ते, फेकून द्यायला?" तराजू तसाच हातात धरून सलीम म्हणाला. "त्यातनंच पॉझिट्रॉन निघतोय, येड्या. पूस ती काट." आणि डाळिंबाच्या खोक्याच्या झाकणावर त्यानं सगळं मांडून दाखवलं. गिऱ्हाईक बिचारं पिशवी उघडून उभं... "सलीमभाई, आमचं दोन किलो त्येवढं..."

मी पास झालो, वाचायला आणलेल्या त्याच्या वहीवर पुढं प्राध्यापकही झालो. "श्री, वही आण की रं, मला पेपर द्यायचाय," तो दर भेटीत म्हणायचा. मी "विसरलो" म्हणायचो. खरं तर वहीशिवाय मला वर्गात तोंड उघडता आलं नसतं. शिवाय हा आता कसली परीक्षा देतोय, ही मनातली खात्री. शेवटची दोन वर्षं तर वहीच्या लाजेनं मी तिकडं फिरकलोच नाही.

तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी वही घेऊन गेलो. भाभींनी ती घेतली आणि आतून दुसरी आणून दिली. सलीमनं सगळं आठवून आठवून पुन्हा लिहिलं होतं. जुनी वही त्याचं कॉलेज सुटलं तिथं संपते. माझं शिकवणंही तिथंच संपतं. "पुढचं सोपं आहे, घरी करून बघा," म्हणत मी खडू ठेवतो, कारण पुढचं मला येत नाही. सलीम मात्र तीन पानं पुढं गेला होता. चौथ्यावर अडला. समासात लिहिलेलं : श्रीला विचारायचं.

"विचारलं का हो त्यांनी, भाऊजी?" भाभी म्हणाल्या.

"न्हाय..."

ते चौथं पान सध्या माझ्या टेबलावर उघडं असतं. इतक्या वर्षांत खरोखर घरी करून बघणारा एकच निघाला. आता रोज संध्याकाळी पेन्सिल घेऊन दुसरा बसतो.