जर्मनची वाटी

सीतामावशीच्या रोगाची मला कधी किळस आली नाही. ती बरी होऊन आल्यावर तिच्या चर्चच्या मंडळीनं जे केलं, त्याची मात्र आजही येते.

ती ख्रिस्ती, आम्ही बौद्ध. नळदुर्गजवळच्या आमच्या गावात भिंतीला भिंत लागून घरं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना तिचं बोट ठेचलं आणि तिला कळलंच नाही. रक्त बघून शेजारच्या बाया ओरडल्या. महारोग निघाला. मिशनच्या दवाखान्यात काही वर्षं काढून ती परतली. दोन बोटं आखडली होती, पण हिच्यापासून आता कुणाला काही होत नाही, असं डॉक्टरांनी सांगून पाठवलं होतं. तिनं म्हैस पाळली. दूध संस्थेनं कुरकुर न करता तिचं दूध घेतलं. चर्चच्या पंचांच्या घरीसुद्धा तिच्याच दुधाचा रतीब होता.

तिला हवं होतं एवढंच. प्रभुभोजनाला सगळ्यांमधून जो एक पेला फिरतो, त्यातून चारचौघांसारखा एक घोट.

पंच म्हणाले, आधी सगळ्यांसमोर पाप कबूल कर, रोग काय उगाच होतो? मंडळी प्रार्थना करील, मग बघू. माणसाला टाळायचं असलं की लोक 'बघू' म्हणतात.

रविवारी ती मला सोबत घेऊन गेली आणि मंडळीपुढं उभी राहिली.

"खडीच्या कामावर म्या एकदा दुसरीच्या फडक्यातली भाकर खाल्ली. पोटात आग पडली व्हती."

दुसरं पाप तिला सापडेना. पण लोक असे हुंदके देऊन रडले, जणू हिनं कुणाचा गळाच कापलाय. मग डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली. म्हणायचं आपलं, ठेवून. सगळे हात तिच्या पदरापासून वीतभर वर, शेकोटीवर धरावेत तसे. 

पेला फिरू लागला आणि तिच्यापर्यंत येऊन मागं वळला. कोंडीराम पंचांनी पिशवीतून जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, वाटी काढली, तीत पेल्यातलं मनुकांचं पाणी ओतलं आणि तिच्यापुढं जमिनीवर सरकवली.

हे कोंडीराम कोण? पूर्वी हमरस्त्यावरच्या हॉटेलात त्यांच्या-आमच्या लोकांसाठी बाहेर खिळ्याला वेगळा कप टांगलेला असे. तरुणपणी तो दगडावर आपटून फोडणारे हेच. दर नाताळाला ती गोष्ट रंगवून सांगायचे, आमच्या घरचेही ऐकायला जायचे.

सीतामावशीनं वाटी उचलून न्याहाळली.

"कोंडीरामदादा, तुमी फोडला त्यो कप कसा व्हता?"

"कानतुटका," म्हातारा सवयीनं बोलून गेला. मग त्याचा चेहराच उतरला. तो तिच्यापुढं गुडघ्यावर बसला. "बाई, कबुली तर माझी ऱ्हायली. जलमभर त्या कपाला शिव्या दिल्या, आन् आज म्याच त्यो घरून घेऊन आलो. तू पी, मग मला दे."

ती प्यायली. त्याच वाटीला ओठ लावून तोही प्यायला. बाकीचे खाली मान घालून बसले. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी घाईघाईनं शेवटचं गीत सुरू केलं. मला वेडीला वाटलं, आता तरी यांना लाज वाटेल.

पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाला आम्ही दोघी गेलो, तर दाराजवळ, सतरंजी संपते तिथं, जर्मनच्या दोन वाट्या मांडलेल्या. एक तिची, दुसरी कोंडीरामांची. ते एकटेच भिंतीला टेकून बसले होते. पंचपदही काढून घेतलं होतं. त्या उंबऱ्यावर थुंकावंसं वाटलं मला.

सीतामावशी मात्र त्यांच्याशेजारी जाऊन बसली. वाट्या भरल्यावर तिनं एकीतलं पाणी दुसरीत ओतलं आणि रिकामी वाटी पालथी घातली.

"एकच बास हाय, दादा," ती म्हणाली. "आता झाली आपली मंडळी."